खुपसायच्या हत्याराला धार किती?

तीर्थस्वरूप ताईंना,

उभ्यानंच नमस्कार. (शिरसाष्टांग लिहिणार होते, पण पाठीत उसण भरली आहे आणि सध्या कागदावरसुद्धा आडवं व्हायची हिंमत होत नाही. उसण का भरली ते पुढे येईलच.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? लेक वसतिगृहात रुळली का? ती गेल्यापासून घर शांत वाटत असेल, असं मी परवा फोनवर म्हणाले, तर तुम्ही ‘छे, उलट बरं वाटतं’ असं इतक्या घाईनं म्हणालात की मला पुढे काही विचारता आलं नाही. भावोजींची बोट कुठवर आली? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचे बंधू ऑफिस, जेवण आणि वर्तमानपत्र या तिन्ही गोष्टी वेळच्या वेळी उरकतात. बाबाही ठीक आहेत. तुम्ही महिनाअखेरीला त्यांना कायमचं तुमच्याकडे न्यायला येणार आहात, त्याची इकडची व्यवस्था मी बघते आहे, काळजी नसावी. धारेचं चाक विकत घेणारा जो माणूस तुम्ही शोधून दिला होता, तोही येऊन गेला.

मधल्या काळात इथे थोडी गडबड झाली. तुमचे बंधू तुम्हाला फोनवर म्हणाले असतील की ‘विशेष काही नाही, अंगणात जरा भालाफेक झाली.’ त्यांचं बोलणं तुम्हाला माहीत आहे. विमा कंपनीत इतकी वर्षं काढल्यावर माणूस घर जळालं तरी ‘अंशतः नुकसान’ म्हणतो. एक तर ती भालाफेक नव्हती, भालाखुपस होती. दुसरं म्हणजे त्यात विशेष बरंच काही होतं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. लांबेल, पण तुम्ही गुडघ्याला शेक घेत बसाल तेव्हा वाचा.

बाबांनी धारेचं दुकान बंद केलं ते तुम्हाला माहीत आहे, पण कसं ते कोणी सांगितलेलं नसणार. उजव्या हाताला कंप होताच. डॉक्टर म्हणाले, वयाचा आहे, घाबरायचं कारण नाही, फक्त चहाचा कप काठोकाठ भरू नका. तेव्हापासून आमच्या घरात बाबांना पाऊण कप चहा मिळतो आणि उरलेला पाव कप दुसऱ्या खेपेला. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. मग एक दिवस शेजारच्या शिंपीकाकांची मोठी कात्री धारेला आली. ती कात्री बाबा दोघांच्याही मिशा काळ्या होत्या तेव्हापासून लावत आले आहेत. पातं चाकावरून शेवटपर्यंत ओढताना हात हलला आणि मध्येच खाच पडली.  शिंपीकाका तशीच कात्री घेऊन गेले आणि तीच वापरत राहिले. ते कापड कापत नाहीत, ओरबाडताहेत, हे बाबांनी दुकानातून पाहिलं. संध्याकाळी त्यांनी शटर ओढलं, किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि हात धुऊन जेवायला बसले.

ताई, त्या दिवसापासून बाबा ‘बरं’ म्हणायला लागले. जेवायला चला, बरं. औषध घ्या, बरं. भाजी आज फसली आहे, तरी खा, बरं. जो माणूस घड्याळाशीसुद्धा वाद घालायचा (‘हे पुढे आहे’, ‘बाबा, ते बरोबर आहे’, ‘मग बाकीची मागे आहेत’), तो बरं म्हणतो म्हणजे काय, हे तुम्ही लेक आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्ही फोन करून ‘आता तुम्ही माझ्याकडे या, चाक विकून टाकू’ म्हणालात, तेव्हाही ते बरंच म्हणाले. तुमचे बंधू म्हणाले, ‘बघ, किती समजूतदारपणे घेतलं.’ मी पोळपाट जरा जोरात आपटला. त्यांना कारण कळलं नाही.

आता माझ्या संग्रहालयाबद्दल. मी तिथे नेमकं काय करते हे तुमच्या माहेरी बाबांखेरीज कुणालाच समजलेलं नाही. तुमचे बंधू लोकांना ‘ती म्युझियममध्ये असते’ असं सांगतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की मीही तिथे एखाद्या काचेमागे असते. मी वस्तूंशेजारच्या पाट्या लिहिते. हे भांडं कशाचं, हे नाणं कुणाचं, हे सगळं चार ओळींत, शाळेतल्या मुलांना आणि त्यांच्या कंटाळलेल्या बापांना समजेल असं. हत्यारांच्या दालनात वर्षानुवर्षं लोक एकच प्रश्न विचारत आलेत. राजा कोण, लढाई कुठली, हे कुणी विचारत नाही. भाल्यासमोर उभे राहतात आणि रखवालदाराला विचारतात, ‘याला धार आहे का हो?’ रखवालदार सकाळी ‘आहे’ म्हणतो आणि दुपारी ‘नाही’ म्हणतो. त्याच्या मते त्यामुळे सगळ्यांना न्याय मिळतो.

तर आमच्या साहेबांच्या डोक्यात आलं की एक खोली अशी करायची जिथे मध्ययुगीन हत्यारांच्या हुबेहूब नकला ठेवायच्या आणि बाहेर पाटी लावायची, ‘हात लावा.’ (जिथे तिथे ‘हात लावू नये’ लिहिण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. ही पाटी लिहिताना मला चोरी केल्यासारखं वाटलं.) नकलांमध्येही सगळी खुपसायची हत्यारं घ्यायची ठरली, म्हणजे भाला, कट्यार आणि ती लांब सरळ तलवार, जिला कडेला धार नसतेच, नुसतं टोक असतं. बैठकीत प्रश्न निघाला की यांना धार किती ठेवायची. साहेब म्हणाले, अजिबात नको, मुलं येणार. आमच्या हत्यारबाई, म्हणजे त्या विभागाच्या प्रमुख, म्हणाल्या की मग लाकडाची करा आणि खाली लिहा ‘लाटणे’. या बाई बारीकशा आहेत, चष्मा दोरीला बांधतात आणि सबंध इमारतीत साहेब फक्त त्यांना घाबरतात. शेवटी ठरलं की एक संच खऱ्यासारखा, काचेत ठेवायचा. एक संच गुळगुळीत, हातात द्यायला. आणि ‘किती धार?’ हे सांगणारी पाटी मी लिहायची. नकला कोण करणार, असं विचारल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, ‘माझे सासरे.’

तोंडून निघून गेलं असं लिहिलं खरं, पण मी जिना चढतानाच ठरवून आले होते.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले. हत्यारबाईंनी नमुना म्हणून कोठारातलं एक भाल्याचं पातं दिलं होतं, मागून तुटलेलं, कुठून आलं त्याची नोंद हरवलेली, त्यामुळे प्रदर्शनात कधीच न लागलेलं. फडक्यात गुंडाळून माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या होत्या, ‘फक्त माप घ्यायला सांगा.’ मीही बाबांना तसंच सांगितलं. बाबांनी ते हातात धरलं, उजेडाकडे केलं, अंगठा फिरवला आणि चेहरा असा केला की जणू कुणी त्यांना आंघोळ न घातलेलं मूल दाखवलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर खालून चाकाचा आवाज. ताई, तो आवाज ऐकून मी जिन्यातच पिशवी घेऊन बसले. किती दिवसांनी तो आवाज! या घरात लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिनाभर मला त्या आवाजानं झोप लागत नव्हती, आणि शटर पडल्यापासून आवाज नाही म्हणून लागत नव्हती. डोळ्यांत पाणी वगैरे येणार होतं, तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला की चाकावर काय असेल.

तुम्हाला दुकानाचा नियम माहीत आहे. आजोबांच्या वेळचा आहे. दुकानात आलेली वस्तू बोथट परत जात नाही. कुणी चाकू विसरून गेलं, लावून ठेवायचा. टपालवाल्यानं टेकवलेली छत्रीसुद्धा एकदा बाबांनी टोक घासून दिली होती. (तो पुढे टपाल पायरीवरूनच टाकायला लागला.) नियमाप्रमाणे संग्रहालयाचं पातं दुकानात आलं होतं आणि ते बोथट होतं. बाबांनी एका बाजूला धार लावली होती. हात हलल्यामुळे ती धार नागमोडी गेली होती. इतकी शतकं मातीत, पेटीत, कोठारात ज्याला कुणी बोट लावलं नाही, ते पातं आमच्या दुकानात भाजीच्या सुरीसारखं चमकत होतं. मी हत्यारबाईंना फोन केला. लपवायची कल्पना मनात आली नाही असं नाही, पण ते पातं आता अंधारातसुद्धा दिसलं असतं.

बाई रिक्षानं आल्या. पातं बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. मग पाणी मागितलं. पुढचा संवाद मी जसाच्या तसा लिहिते, कारण पडद्याआडून ऐकताना माझ्या हातातला तांब्या कलंडून पाय भिजले तरी मी हलले नव्हते.

‘काका, हे काय केलंत?’

‘धार लावली.’

‘कुणी सांगितली होती?’

‘न्हाव्यापुढे डोकं केल्यावर केस काप म्हणून सांगावं लागतं का?’

‘अहो, ही खुपसायची वस्तू आहे! कापायची नाही! हिला कडेनं धार कशाला?’

‘मग आत कशी जाते? विनंती करून?’

‘टोकानं जाते! टोक आणि मागचा जोर. टोक मजबूत पाहिजे. एवढं पातळ केलंत तर हाडावर दुमडेल.’

‘नाही दुमडणार.’

‘दुमडेल.’

‘बाई, नाही म्हणजे नाही!’

ताई, बाबा ‘नाही’ म्हणाले. दोनदा. मी तो तांब्या तसाच कट्ट्यावर ठेवला आणि चहा टाकला. बाईंना वाटलं मी त्यांना शांत करायला टाकते आहे. मला भांडण लांबवायचं होतं.

भांडण छान लांबलं. त्या पात्याचं काय करायचं, हे बाईंनी फार मोठ्या मनानं मिटवलं. म्हणाल्या, नोंद नसलेली वस्तू आहे, आता तिला निदान एक इतिहास तरी झाला. साहेबांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. साहेबांनी मला बोलावून एवढंच विचारलं, ‘सासऱ्यांकडे अजून काही दिलेलं नाही ना?’ मात्र बाईंनी अट घातली की वाद सोडवायचा तर करून बघायचं. मध्ययुगातला माणूस समोर उघडा उभा राहत नसे. एक तर अंगात कड्यांचं लोखंडी जाळं, नाहीतर कापडाचे थरावर थर शिवून केलेला जाड अंगरखा. दोन्हींवर जे टोक चालेल ते खरं. बाबा म्हणाले, ‘आणा तुमचं जाळं.’

रविवारी आमच्या मागच्या अंगणात चाचणी झाली. बाईंनी नव्या दालनासाठी करून घेतलेला जाळीचा तुकडा आणला. शिंपीकाकांनी दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडाचे थर एकावर एक ठेवून जाडजूड चौकोन शिवून आणला. हे सगळं कशावर तरी बांधायला हवं होतं, म्हणून माडीवरून एक जुनी गादी खाली आणून भिंतीला उभी केली. (कुठली गादी ते ता. क. मध्ये बघा.) तुमचे बंधू खुर्ची घेऊन दारात बसले आणि अधूनमधून ‘याला आमच्या पॉलिसीत संरक्षण नाही’ असं सांगत राहिले. खुपसायचं कोणी, हा प्रश्न आला. बाबांचा हात हलतो, बाईंचं मनगट एकदा मोडलेलं आहे, शिंपीकाका म्हणाले त्यांना रक्त बघवत नाही. (गादीचं!) राहिले मी. पदर खोचला, चप्पल काढली आणि काठीला बसवलेला भाला धरून उभी राहिले. पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई तशीच, चिमटा तोंडात धरून, शेवटपर्यंत उभी होती.

चाचणीसाठी बाबांनी दोन भाले घासून ठेवले होते. पहिला त्यांच्या मताचा. अणकुचीदार असा की बघूनच डोळ्यांत टोचावं. कापडात तो लोण्यात जावा तसा गेला, आणि बाबांनी बाईंकडे असं बघितलं की मीच ओशाळले. मग जाळीवर मारला. टोक कड्यावर आपटलं आणि मागे वळून माशाच्या गळासारखं झालं.  बाईंनी चष्मा नाकावर नीट केला, बस्स. मग बाईंच्या सांगण्याप्रमाणे केलेला दुसरा, जाड टोकाचा, धार अजिबात नसलेला. त्यानं जाळीतलं एक कडं टचकन उघडलं आणि पार गेला. बाईंनी टाळीसाठी हात वर केले. मग कापड. मी सगळा जोर लावून खुपसला. भाला कापडावर गचकन थांबला, मी थांबले नाही. गादी एका बाजूला, काठी दुसऱ्या बाजूला आणि मी मधोमध. ती उसण ही. तुमचे बंधू मात्र धावत आले हं, हे खरं आहे ते लिहायला हवं. मला उठवताना त्यांचा चेहरा अगदी उतरला होता, आणि पॉलिसीबद्दल त्या वेळी ते एक अक्षर बोलले नाहीत.

म्हणजे बाबा अर्धे खोटे ठरले आणि बाई अर्ध्या.  शिंपीकाका भोक पडलेल्या थरांवर नवा तुकडा बेतायला लागले. कात्री काढली. तीच. खाचेपाशी कापड अडलं, त्यांनी हिसका दिला. बाबा बघत होते. मी बघत होते. शिंपीकाकांना ते कळलं आणि ते मान वर न करता म्हणाले, ‘ही खाच दोरा तोडायला फार सोयीची पडते.’

‘खोटं बोलू नकोस,’ बाबा म्हणाले.

‘नाही पडत,’ शिंपीकाका म्हणाले. ‘पण दुसऱ्याकडे कुठे जाऊ? तो कात्रीशी बोलत नाही.’

इतके दिवस दोघं एकमेकांच्या दारावरून खाली मान घालून जात होते. बाबा उठले. माझ्याजवळ आले, तो कापडावर न चाललेला जाड भाला उचलला आणि दुकानात गेले. मी पाठ धरून मागोमाग. बाई माझ्या मागोमाग. बाबा स्टुलावर बसले. त्यांनी चाक सुरू केलं नाही, हातदगड घेतला. पुढे जे झालं ते मला बारकाईनं सांगायचंय. लांब पातं ओढताना हात मोकळा हवेत असतो आणि म्हणून हलतो. इथे लांब काही ओढायचंच नव्हतं. बाबांनी मनगट ठोकळ्यावर टेकवलं, कोपर पोटाशी धरलं आणि नुसत्या टोकाशी, एका बोटाच्या रुंदीएवढ्या जागेत, दगड मागेपुढे केला. आखूड, आखूड. हात हलला नाही. स्वतः बाबांनाच ते जरा उशिरा कळलं. दगड थांबवला, हाताकडे बघितलं, परत चालवला, परत थांबवला. बाई पुढे होऊन काहीतरी म्हणणार होत्या, मी त्यांचा पदर ओढला.

तो भाला जाळीतून गेला आणि कापडातूनही गेला. (खुपसायला या खेपेला तुमचे बंधू उभे राहिले. ‘एकदाच’ म्हणाले आणि चारदा खुपसलं. जोर बराच आहे हो त्यांच्यात, मला कल्पना नव्हती.) तर तुम्हाला कुणी विचारलं तर सांगा. खुपसायच्या हत्याराला धार पाहिजे, पण ती टोकाशी बोटभर. कापड असेल तर तीच तंतू कापून वाट काढते. तिच्या मागे मात्र जाडी हवी, ती लोखंडाशी भांडते. वस्तऱ्यासारखी धार सगळीकडे लावत बसलात तर ती दुमडते, आणि मुळीच लावली नाहीत तर माणूस उसण घेऊन घरी येतो. पाटीसाठी मी हे चार ओळींत बसवलं. बाबांनी त्यात दोन चुका काढल्या, बाईंनी तीन, आणि बाबांनी काढलेल्या दोन्ही चुका बाईंनी दुरुस्त्या म्हणून परत घातल्या. पाटी उद्या छापायला जाते.

आता बाबा सकाळी दुकानात जातात. शटर अर्धंच उघडतात, कारण अजून गिऱ्हाईक नको आहे, म्हणतात. कट्यार झाली, तलवारीचं टोक चालू आहे. शिंपीकाकांची कात्री त्यांनी मागून घेतली आणि खाचेपर्यंतचा भाग कापून तिची आखूड कात्री करून दिली. काजं करायला वापरतात आता ती. हत्यारबाई एक दिवसाआड ‘काम कुठवर आलं’ बघायला येतात आणि दोघं भांडतात. काल विषय होता, हत्ती आला तर काय करायचं.

पुष्कळ लिहिलं. बाकी सर्व क्षेम. तुमच्या प्रवासाचं नक्की झालं की कळवा. लेकीला आशीर्वाद, भावोजींना नमस्कार.

तुमची
धाकटी भावजय

ता. क. – गादी तुमची होती. लग्नाआधीची, माडीवरच्या खोलीतली, जिच्यावर कुणाला बसूसुद्धा देऊ नका असं तुम्ही बजावलं होतं. बसलं कुणी नाही.

ता. क. २ – व्यवस्था बघते आहे असं वर लिहिलं आहे, त्याबद्दल. बाबांचा एकही सदरा मी बॅगेत घातलेला नाही. चाक घ्यायला आलेल्या माणसाला मी चहा दिला, खायला दिलं आणि सांगितलं की पत्ता चुकला, धारवाले पुढच्या गल्लीत राहतात. तो अजून शोधत असेल बिचारा.

ता. क. ३ – ताई, आता विनोद पुरे. त्यांना नेऊ नका. तुमचा हक्क आहे, तुम्ही लेक आहात, मी कोण. पण मी लिहिलेली प्रत्येक पाटी छापायच्या आधी ते वाचतात आणि ‘हे मला समजलं नाही’ म्हणतात. बाकी सगळे ‘छान’ म्हणतात. जेवताना मी माझ्या कामाबद्दल ज्याच्याशी बोलते असा माणूस या घरात तो एकच आहे. तुमचे बंधू चांगले आहेत, पण त्यांना नाणं आणि भांडं यांतला फरक फक्त भांडं फुटल्यावर कळतो. बाबांना तुमची गरज असेलही. मला त्यांची आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसतं.

बाळ, हे मी लिहितोय, तुझा बाप. अक्षर बघून ओळखलं असशील. सूनबाईनं पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट उघडं होतं, मी वाचलं. सगळं खरं आहे, फक्त बाई अर्ध्याहून जास्त चुकल्या होत्या. आता माझं ऐक. मी तुला ‘बरं’ म्हणालो ते हातामुळे नाही. थोडं हातामुळेही. तू फोनवर म्हणालीस, बाबा, तुम्ही तिथे एकटे पडाल. मी कुठला एकटा पडतोय? आता तर इथे एक भांडायला येते, एक कात्री घेऊन येतो, वरून मुलगा नुकसानीचं मोजमाप करतो, सून पाऊण कप चहा देते आणि मला कळत नाही असं समजते. फोनवर तू ते म्हणालीस तेव्हाच मला कळलं की एकटं कोण पडलं आहे. लहानपणीसुद्धा तुला भूक लागली की तू ‘बाबा, तुम्हाला भूक लागली असेल’ म्हणायचीस. म्हणून बरं म्हणालो. अजूनही बरंच म्हणतो. तलवार झाली की निघतो. चाक विकू नकोस, एवढंच.

ता. क. ४ – वरचा मजकूर लिहून बाबांनी पत्र माझ्या हातात परत दिलं, ‘वाच आणि मग टाक’ म्हणाले आणि खाली गेले. मी वाचलं. तुमच्या बंधूंना वाचून दाखवलं.  ते उठून माडीवर गेले. तुमच्या खोलीतलं मोठं कपाट सरकवल्याचा आवाज येतो आहे. ताई, घाईनं ‘छे’ म्हणालात तेव्हा मी तिथेच थांबायला नको होतं. तेव्हा माझी वरची विनंती मी मागे घेते, तिच्याऐवजी ही वाचा. लेक सुट्टीत इकडेच येऊ दे, भावोजींची बोट जिथे लागेल तिथून तेही येऊ देत. बाबांना न्यायला येऊ नका. राहायला या.